एन्टोटोवरून उतरणाऱ्या मोळ्या

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, निलगिरी जमिनीचं पाणी पिते हे तुमचं म्हणणं इथल्या शेतकऱ्यांच्याही तोंडी ऐकू येतं. पण इथिओपियाच्या राजधानीचं हे शहर, अदिस अबाबा, आज जागेवर उभं आहे ते निलगिरीमुळेच. 1886 साली राणी तैतू आणि तिचा नवरा राजा मेनेलिक यांनी शहर वसवलं आणि चुलींपायी, घरांपायी आसपासचं जंगल भराभर संपलं. तेव्हाची रीत अशी की सरपण संपलं की राजधानीच हलवायची. पश्चिमेला अदिस आलेमला नवी राजधानी बांधायलाही घेतली होती. पण 1890 च्या दशकात ऑस्ट्रेलियातली ही झाडं इथे आली होती. झटपट वाढणारी, तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटणारी. शहराला सरपण मिळालं आणि राजधानी इथेच राहिली.

शहराच्या उत्तरेला एन्टोटोचा डोंगर या झाडांनी भरलेला आहे. तिथून बायका मोळ्या घेऊन खाली येतात. आपल्याकडे डोक्यावर चुंबळ ठेवतात, इथे मोळी पाठीवर दोरीने आवळलेली असते आणि बाई कमरेतून पार वाकलेली. परवा एक जण रस्त्याकडेच्या भिंतीला मोळी टेकवून तशीच उभी राहिली, दोर न सोडता. सोडला तर परत उचलून द्यायला कुणीतरी लागतं ना. वय तुझ्याएवढं असेल, आई. वनरक्षक अडवतात, कधी मोळी काढूनही घेतात. डोंगरावर आता मोठं उद्यान झालंय, 2020 साली उघडलं. या बायकाच जंगल संपवतात असं लोक सहज बोलून जातात, तेव्हा मला फार राग येतो. सरपण जाळतं शहर, आणि बोल त्यांच्या वाट्याला!

आई, इंजेरा तुला आवडेल. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, आपल्या आंबोळीच्या जातीतला, पण परातीएवढा. तो मिताद नावाच्या मातीच्या मोठ्या तव्यावर होतो. त्याला एकसारखा भडकता जाळ लागतो, म्हणून निलगिरीची वाळकी पानं आणि काटक्या घालतात. पानांत तेल असल्याने ती भुर्रकन पेटतात. ऐपत असलेल्या घरांत विजेचा मिताद आला आहे, पण वीज गेली की पीठ आंबून बसतं. नाईलवरच्या मोठ्या धरणाचं सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, त्याची वीज या घरांपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. तोवर 'मिर्त' नावाच्या सिमेंटच्या बंदिस्त चुली मिळतात. उघड्या चुलीपेक्षा सरपण बरंच कमी लागतं, धूरही कमी. माझ्या घरमालकिणीने घेतलीय. तिचा खोकला ऐकून मला रोज तुझी आठवण येते.

इतकी वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलीस. येत्या आठवड्यात बाबांबरोबर जाऊन छातीच्या डॉक्टरांना दाखव, आणि ते काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुमची,
सुजाता