डायलिसिस कक्षात सिस्टरच्या शब्दाला वजन हवे

महोदय,

मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास हिमोडायलिसिसच्या मशीनला जोडलेला असतो. हे १२ तास तो परिचारिकेच्या नजरेसमोर असतो. डॉक्टरांच्या वाट्याला त्यातली काही मिनिटे येतात. तरीही उपचाराचे निर्णय होताना तिचे निरीक्षण बहुतेकदा चार्टमध्येच पडून राहते. या कक्षात अनेक वर्षे काम केलेली परिचारिका म्हणून मला याची खंत वाटते.

‘ड्राय वेट’चेच पाहा. साठलेले जादा पाणी काढल्यावर रुग्णाचे जे वजन राहायला हवे ते हे, आणि किती पाणी ओढायचे याचा हिशेब त्यावरच होतो. रुग्णाची भूक सुधारून अंगावर मांस चढले, पण फाइलमधला आकडा जुनाच राहिला, तर वाढलेले वजन म्हणजे पाणीच असे समजून आपण ते काढत राहतो. मग शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो. लागोपाठ तीन वेळा हे पाहिलेल्या सिस्टरला आकड्याची शंका येतेच, पण तो बदलण्याचा विषय पुढच्या राउंडपर्यंत निघत नाही.

एका दुपारी आमच्या नव्या सहकारी सिस्टरने एका रुग्णाला जांभयांवर जांभया येताना पाहिल्या. रक्तदाब अजून ठीक होता. जांभया ही तो उतरण्याची पूर्वसूचना असू शकते, हे तिला ठाऊक होते. पण ऑर्डरशिवाय पाणी ओढण्याचा वेग कमी कसा करावा, या संकोचाने तिने डॉक्टरांना फोन लावला आणि तो उचलला जाईपर्यंत रुग्णाची शुद्ध हरपत चालली होती. पाय उंच करून सलाइन दिल्यावर ते सावरले. दोष तिचा नव्हता. वेग कमी करण्याची लेखी मुभा तिला कोणी दिलीच नव्हती आणि इन्चार्ज सिस्टर स्वतःच्या वाटणीच्या रुग्णाला सुया लावण्यात गुंतल्या होत्या.

इन्चार्ज म्हणजे ड्युटी लावणारी आणि साहित्य मोजणारी, ही समजूत आता सोडायला हवी. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून सुया लावण्याची जागा केलेला हात चादरीखाली गेला आणि रक्त परत नेणारी सुई निसटली, तर मिनिटाला ३०० मिलिलिटर वेगाने ४ मिनिटांत लिटरभराहून अधिक रक्त बाहेर जाऊ शकते, आणि मशीनचा अलार्म दरवेळी वाजेलच असे नाही. अशा ठिकाणी सर्व खाटांवर नजर ठेवायला एक अनुभवी सिस्टर मोकळी असलीच पाहिजे. टेक्निशियनने मशीनला पुरवल्या जाणाऱ्या पाण्यातील क्लोरीनच्या तपासणीचा निकाल शिफ्टआधी तिला सांगावा आणि तो योग्य नसेल तर डायलिसिस थांबवण्याचा अधिकार तिला असावा.

कोणत्या लक्षणांवर सिस्टरने स्वतःच पाणी ओढणे थांबवावे, याची डॉक्टरांच्या सहीची सूचना प्रत्येक मशीनपाशी असावी. महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन आणि आहारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचे ड्राय वेट तपासावे, आणि त्या बैठकीत सिस्टरचा चार्ट सर्वांत आधी वाचला जावा, अशी रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे.

– एक डायलिसिस परिचारिका