डी. एन. रोडवरचा दगड

प्रिय सुहास,

मुंबईचा डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोड बघायचा तर सीएसएमटीकडून हुतात्मा चौकाच्या दिशेने चाल, आणि मान वर करण्याआधी पायाखालचा पदपथ बघ. तो इमारतींच्या पोटातून जातो. १८९६ च्या नियमाने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी सोडणं बंधनकारक झालं. वरचे मजले मालकाच्या मर्जीचे. म्हणून गॉथिक (टोकदार कमानींचं), नवअभिजात (ग्रीक-रोमन धाटणीचं), पारशी अग्यारी असं सगळं शेजारी उभं असूनही रस्ता विस्कटलेला वाटत नाही. माझ्या मते या रस्त्याचा खरा वास्तुकार तो नियमच.

त्याआधी, १८६० च्या दशकात, फोर्टची तटबंदी पाडली आणि जुना हॉर्नबी रोड रुंद झाला. गव्हर्नर हॉर्नबीचं नाव जाऊन दादाभाईंचं आलं ते पुढे.

आता दगड. काळा-निळसर बेसाल्ट कठीण, पाणी कमी पितो. पिवळसर दगड बहुधा मालाडचा. नक्षीला पोरबंदरचा फिकट चुनखडक: मऊ, छिन्नीने कोरायला सोपा, पण आम्लाला अजिबात न टिकणारा. ॲसिडने 'चकाचक' केलेली नक्षी बोथट होते आणि ती परत येत नाही.

जास्त घात मात्र सिमेंट करतं. मूळ सांधे चुन्याचे. भिंतीतली ओल त्यांतून बाहेर पडते. हे सांधे सिमेंटने भरले की ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाखाली साठून स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटनेही हेच होतं. खांबाच्या खालच्या दोन-तीन फुटांत बघ, सांधा शाबूत आणि भोवतीचा दगड खचलेला दिसला तर समज, सांध्यात सिमेंट भरलंय.

दुरुस्ती कंटाळवाणी आहे. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. दरज, म्हणजे सांध्याची फट, तिच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल मोकळी करून धुवायची, ओली असतानाच एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू दाबून भरायची. मग आठवडाभर तरी ओलं गोणपाट. चुना उन्हात भराभर सुकला की भुगा होतो. काम पावसाळा टाळूनच.

पाट्यांचंही बघ. कमानीवर आडवी ठोकलेली पाटी कमान झाकते आणि तिचे खिळे गंजून दगड फोडतात. इथल्या पाट्या कमानीच्या मापात बसवण्याचं काम झालं, २००४ मध्ये युनेस्कोने त्याची दखलही घेतली. तरी एसीच्या नळ्या आहेतच. त्यांचं पाणी नक्षीवर कुठे ठिबकतंय तेवढं पेटिट इन्स्टिट्यूट या जुन्या वाचनालयाच्या आसपास नीट बघून मला कळव.

तुझा,
विनय