ती बाटली सांडली नव्हती

पुणे,
24 नोव्हेंबर 2024

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला पुरं करायचंय.

गेल्या रविवारी तुझा पोरगा आला होता. मेसच्या जेवणाला विटलेला, हिच्या पिठल्यावर तुटून पडला. हात धुता धुता म्हणाला, "काका, तुमची जुनी सॅक द्याल? आम्ही पाच जण तोरणा-राजगड करतोय." माळ्यावरून काढून दिली. तीच रे, हिरवी, कॅनव्हासची, डाव्या पट्ट्याला मोच्याने घातलेले टाके अजून शाबूत. तळाशी मेणबत्तीचा एक तुकडा आणि एक चपटा काळा गोळा निघाला, जो कधीकाळी चिक्की असावा. पोरगा हसला. मग म्हणाला, "याच ट्रेकला तुमची बाटली सांडली होती ना? बाबा सांगतात, त्यांनी त्यांच्यातलं निम्मं पाणी तुम्हाला दिलं."

मी "हो" म्हणालो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये.

तुझे किस्से कसे फुगतात ते मला ठाऊक आहे. कळसूबाईला आपल्याला ढगाशिवाय काहीही दिसलं नव्हतं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1,646 मीटर, आणि वर जाऊन एकमेकांचे ओले चेहरे बघून उतरलो. पोराला तू म्हणे तिथून दिसणाऱ्या किल्ल्यांची नावं मोजून दाखवलीस. असो. हरिश्चंद्रगडाचं मात्र तू कमीच सांगतोस. खिरेश्वरहून निघालो, तोलार खिंड ओलांडली आणि पुढच्या टेकड्या सुरू झाल्या. दर टेकडीला तू "आता ही शेवटची" म्हणायचास, आणि तिच्या माथ्यावर पोचलं की पुढची उभीच. पाचव्या की सहाव्या टेकडीला मी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं.

केदारेश्वराची गुहा तर तू गाळूनच टाकतोस, कारण तिथे तू हरलास. डिसेंबरातलं ते पाणी! मिसळीच्या पैजेवर पिंडीला प्रदक्षिणा घालायला उतरलास आणि अर्ध्यातच ओठ निळे करून बाहेर आलास. भोवतीच्या चार खांबांतला एकच धड उरलाय, आणि तो पडला की कलियुग संपणार असं म्हणतात. तर तू कुडकुडत त्याच खांबाकडे बोट दाखवून म्हणालास, "पक्या, ढकल रे, सोमवारी प्रॅक्टिकल आहे." संध्याकाळी कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावलो. कडा पोटाशी आत वळलेला, त्यामुळे नजरेला टेकायला काही नाही, एकदम खाली कोकण. तू माझा पाय घोट्याशी धरून ठेवला होतास. मी मागितलं नव्हतं. मलाही तुझा धरायचं सुचायला हवं होतं, नाही सुचलं.

आता तोरण्याचं. 1998 चा एप्रिल. एप्रिलमध्ये तोरण्याहून राजगडापर्यंतची ती डोंगरधार करायची कल्पना तुझी, आणि दोघांत मिळून दोन बाटल्या नेण्याची माझी. आज कुणी पोरं अशी निघालेली दिसली तर मी त्यांना पायथ्याच्या वेल्ह्यातूनच परत पाठवीन. बिनी दरवाजापर्यंतच आपली जीभ टाळ्याला चिकटली होती. रात्री मेंगाईच्या देवळात उंदरांनी पोहे संपवले. गडावर रात्री राहू नका, भूत आहे, असं खाली गावात सांगितलं होतं, ते मला उंदरांपेक्षा परवडलं असतं.

सकाळी टाक्यावर बाटल्या भरल्या आणि बुधला माचीवरून उतरलो. तो घसारा आठवतो? पाय टाकला की वीतभर मुरूम सरकायचा, आणि धरायला फक्त वाळलेलं गवत. पुढे वणव्याने सगळी धार काळी झालेली, सावली नाही. मग तू छातीठोकपणे "ही वाट" म्हणून ज्या वाटेला लागलास ती ढोरवाट निघाली. तुला वाट माहीत नाही हे मला दुसऱ्याच वळणावर कळलं होतं. तरी मागून आलो, तुला तोंडावर पाडायचं जिवावर आलं. दीड तास उतरणीला गेलो आणि तेवढेच वर आलो.

त्या एकट्या आंब्याखाली तू टोपी तोंडावर ओढून पाच मिनिटांत घोरायला लागलास. माझ्या बाटलीत तेव्हा तीन बोटं पाणी होतं. राजगडाची संजीवनी माची समोर दिसत होती, हात लांबवला की लागेल अशी, आणि मध्ये डोंगराची अख्खी सोंड. एकच घोट घ्यायचा म्हणून झाकण काढलं. कोमट, प्लॅस्टिकचा वास मारणारं पाणी. दुसरा घोट घेताना मी तुझ्याकडे बघत होतो, हे मला अजून आठवतं. तिसऱ्याला बाटली उलटी धरली. मग ती गवतात आडवी टाकली, झाकण जरा लांब ठेवलं आणि तुला हलवून म्हटलं, "दिन्या, पाणी सांडलं रे."

तू उठलास. बाटली उचललीस, उजेडात धरून बघितलीस. मग ती पडली होती तिथे जमिनीवर तळहात ठेवलास. माती खडखडीत कोरडी. तू हात पँटला पुसलास आणि म्हणालास, "ऊन केवढंय बघ, लगेच सुकलं." आणि आपली बाटली काढून झाकणाने मापून माझ्यात ओतायला लागलास. एक झाकण तुला, एक मला. शेवटचं झाकण उरलं तेही माझ्यात गेलं.

सव्वीस वर्षं मी त्या तळहाताचा विचार करतोय.

पुढचं तू बरोबर सांगतोस. धनगराच्या घरी त्या आजीने ताक दिलं, पैसे पुढे केले तर रागावली. तिचा हंडा दाराशी होता आणि पाणी कुठून आणता विचारल्यावर तिने हनुवटीने खाली दरीकडे दाखवलं. तू एक पेला घेऊन थांबलास. मी तीन प्यालो. संध्याकाळी अळू दरवाजातून संजीवनीवर शिरलो, ती दुहेरी तटबंदी, मधून वाहणारा वारा आणि टाक्यातलं गार पाणी. तोरण्यावर राजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं म्हणतात. मी तोरण्याहून नेलं ते राजगडावर उतरवता आलं नाही. रात्री पद्मावतीच्या देवळात तू गात होतास, मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

तर वाक्य एवढंच आहे: पाणी सांडलं नव्हतं, मी प्यालो. तुला तेव्हा कळलं होतं की नाही, ते मला विचारायचं नाहीये. म्हणजे विचारायचंय, पण फोनवर सांगू नकोस. लिही.

पोरगा शनिवारी निघतोय. माणशी चार लिटर पाणी, हे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलंय, आणि डावीकडे उतरणाऱ्या वाटा तुझ्या नावासकट सांगितल्यात. पट्टा पुन्हा शिवून घेतला. हिने शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीये. मस्कतला येणारं कुणी असेल तर कळव, तुलाही पाठवते म्हणाली.

तुझा,
पक्या

ता. क. पोराला काय सांगायचं ते तू ठरव. मी "हो" म्हणून बसलोय.