खणाचा ब्लाउज सैल करून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

घरी शिवलेल्या जुन्या खणाच्या ब्लाउजला जोड द्यायला तसलंच कापड मिळत नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आजही येतो, पण रंग आणि काठ जुळेलच असं नाही. तुम्ही मात्र आहे त्याच कापडात छाती दोन इंच वाढवून दिलीत आणि हात चालवताना कारणंही सांगत गेलात. ज्यांच्या कपाटात असे ब्लाउज घट्ट होऊन पडलेत त्यांच्या उपयोगी पडावी, म्हणून आभारांसोबत तुमची रीतही लिहिते.

कात्री घेण्याआधी तुम्ही ब्लाउज उलटा करून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, मोजलीत. ती इंचभर होती. दोन बाजू, प्रत्येकीला पुढचा आणि मागचा भाग, म्हणजे कडा चार. प्रत्येकीतून अर्धा इंच सोडला की दोन इंच झाले. उरलेला अर्धा इंच तसाच ठेवायचा, कारण खणाचे दोरे कडेला पटकन सुटतात आणि पाव इंचावरची शिवण ताण पडला की फाकते.

उसवताना तुम्ही ब्लेडला हात लावू दिला नाहीत. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढून घ्यायचा. कापड ओढायचं नाही. बाही आधी मुंढ्याला (खांद्यापासून काखेपर्यंतच्या गोलाईला) जोडून मग बाजू शिवलेली असेल तर काम सोपं: बाहीच्या दंडापासून कमरेपर्यंत एकच लांब टीप उसवते. बाही गोल बसवलेली असेल तर काखेच्या दोन्ही अंगांना मुंढाही थोडा सोडावा लागतो. नाहीतर अंग वाढतं, बाही तेवढीच राहते आणि काखेत चुण्या येतात.

अस्तराचं तुम्ही म्हणालात ते फार कमी जण सांगतात. सुती अस्तर न भिजवता लावलेलं असलं की धुण्यात आटतं, आणि खण ठीक असूनही ब्लाउज आवळतो. म्हणून अस्तर वेगळं मोजायचं.

हूकपट्टीला जोड देऊन वाढवायला तुमचा ठाम विरोध होता, आणि तो पटला. तिथे वाढवलं की टक्स (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) बाजूंना सरकतात आणि गळा पसरतो. मुंढा काचतो म्हणून खाली कोरण्याचंही तसंच. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. माया संपली असेल तर काखेत अडीच इंचांचा चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा. रंग जुळणारं सुती कापडही चालतं, तिथे कोण बघतंय!

नवी शिवण आधी कच्च्या टाक्यांनी घालून, अंगात घालून, हात वर करून, बसून बघायचं. मगच अकरा नंबरच्या सुईने टीप. जुन्या टिपेची भोकं ओलं फडकं ठेवून उलट्या बाजूने इस्त्री केली की बरीच बुजतात. पूर्ण जात नाहीत. मायेतला न विटलेला रंगही पट्टीसारखा गडद दिसतोच, पण तो काखेखाली जातो.

इतकं करून शिलाई म्हणून एक पैसाही घेतला नाहीत. मनापासून आभार, काकू.

आपली,
एक शेजारीण