गॅरेजातली पाणपोई

मिलवॉकी,
१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. तू फोन उचलला रे उचलला की बाबा 'स्पीकरवर टाक' म्हणतात. म्हणून पत्र. वाचून झालं की वहिनींना देजो, बाबांच्या पोथीजवळ ठेवजो नको.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबांना माझ्यामागे पांढरी पेटी आणि तिचे तीन नळ दिसले. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, 'पाणपोई लावली काय रे?' मी 'हाव बाबा' म्हणून मोकळा झालो. अन् आता तू सांगतो की त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या मंडळींना ते सांगितलं. दादा, त्या नळांतून बिअर येते. दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातल्या, गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवणाऱ्या माणसाचा मी पोरगा. तीनपैकी एका नळाला साधा लिंबू-सोडा आहे, म्हणजे तिसरा हिस्सा तरी खरं बोललो, असं मी मनाला समजावतो.

इथं घरी बिअर बनवणं गुन्हा नाही. १९७८ साली जिमी कार्टर अध्यक्ष असताना कायदा झाला. एका घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन करता येते, विकता मात्र येत नाही. मी काही करत नाही. आमच्या कारखान्यातला एक म्हातारा करतो. त्याच्या घरी जागा नाही, माझं गॅरेज रिकामं. मला खरा रस त्या पेटीत होता. तुझ्या दुकानात आइस्क्रीमसाठी घेतलेला डीप फ्रीजर आहे ना, झाकण वर उघडणारा, तसाच हा, २०० लिटरचा, जुना.

फ्रीजर उणे १८ पर्यंत जातो, बिअरला ३-४ अंश पुरतात. तर फ्रीजरच्या पोटात हात घालायचाच नाही. भिंतीतल्या सॉकेटात एक कंट्रोलर लावायचा, फ्रीजरची पिन त्यात, आणि त्याच्या तापमान मोजणाऱ्या वायरीचं टोक आत सोडायचं. ३ अंश झाले की तो करंट तोडतो, वाढले की जोडतो. बस, एवढंच. ते टोक नुसतं हवेत लोंबकळत ठेवलं होतं तेव्हा कॉम्प्रेसर सारखा चालूबंद व्हायचा. आता बिअरच्या टाकीला चिकटवून वरून थर्माकोल बांधला. आपल्या स्टॅबिलायझरमध्ये लाइन आल्यावर तीन मिनिटं थांबायची सोय असते, तशी यातही आहे. सध्या गॅरेजात उणे १५ असतं, म्हणून कंट्रोलरच्या दुसऱ्या सॉकेटात लहानसा हीटर लावलाय, नाहीतर बिअरचाच बर्फ होईल. फ्रीजरात हीटर! आईला सांगजो, हसेल.

नळ बसवायला मी सरळ पेटीच्या बाजूला ड्रिल लावणार होतो. म्हाताऱ्यानं हात धरला. या पेट्यांच्या भिंतींतूनच थंडावा करणाऱ्या गॅसच्या बारीक नळ्या फिरलेल्या असतात. एक टोचली की पेटी भंगारात. म्हणून पेटी आणि झाकण यांच्या मधे लाकडी चौकट बसवायची, बिजागऱ्या चौकटीवर घ्यायच्या आणि भोकं फक्त लाकडात पाडायची. (इथं 'दोन इंची' म्हणून विकलेली फळी मोजली तर दीड इंच भरते. आपला सुतार बरा.) आत १९ लिटरच्या स्टीलच्या तीन टाक्या उभ्या राहतात. पूर्वी त्यांत कोल्ड्रिंकचं सिरप भरून दुकानांत यायचं.

पहिला गिलास काढला तर नुसता फेस. म्हशीची धार बादलीत पडताना येतो तसा, खाली बोटभर बिअर. बिअर नळाकडे ढकलायला बाटल्यातून कार्बन डायऑक्साइड गॅस सोडतात, त्याचा दाब १२ पौंड, जवळपास ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाइतकाच, तरी असं काऊन? नळी आखूड होती. आपल्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी मिळतं ना, नळीनं दाब खाल्लेला असतो. इथं तोच गुण कामाचा. आतून जेमतेम ५ मिलिमीटरची, १० फूट लांब नळी गुंडाळून ठेवली, धार सरळ झाली.

एक फजितीही सांगतो. पहिल्याच रात्री गॅसचा अख्खा बाटला रिकामा झाला. एक वायसर ढिला होता. सायकलचा पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो, तसं मी मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. हा गॅस हवेपेक्षा जड, पेटीच्या तळाशी साचतो, म्हणून सकाळी आत डोकं घालायच्या आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवलं.

आता मुद्द्याचं. तू म्हणाला तो फ्रीजर भंगारवाल्याला देणार. देजो नको. वहिनींचं संध्याकाळचं दूध उन्हाळ्यात सकाळच्या गाडीपर्यंत टिकत नाही. त्याला ४ अंश पाहिजेत, अन् हा फ्रीजर ते देऊ शकतो. नुसता कॅन आत ठेवून मात्र होणार नाही. माझी १९ लिटरची टाकी थंड व्हायला पुरा दिवस लागतो, तोवर दूध नासेल. पेटीत आधीच ५०-६० लिटर पाणी भरून दिवसभर ३ अंशांवर ठेवायचं आणि धारा काढल्या की २० लिटरचा कॅन गळ्यापर्यंत त्यात उभा करायचा. पाणी हवेपेक्षा कितीतरी भरभर उष्णता ओढतं. दूध मधून मधून पळीनं ढवळायचं. रात्री लाइन गेली तरी तेवढं थंड पाणी सांभाळून घेतं. कंट्रोलर नागपूरला सीताबर्डीवर मिळेल, २३० व्होल्टचा पाहून घेजो, अन् वायरमनकडून अर्थिंग नक्की करून घेजो. पाण्याचं काम आहे.

चौकटीची गरज तुला नाही. फक्त झाकण उघडून आतली लांबी, रुंदी, खोली मोज. एका बाजूला कॉम्प्रेसरवरची पायरी असेल, तिची उंचीही. तळाच्या भोकाचं बूच शाबूत आहे का तेही पाहजो, नाहीतर सगळं पाणी दुकानभर होईल. मापं शनिवारपर्यंत पाठव.

बाबांना मीच सांगीन. पण ते दूध थंड झालेलं एकदा पाहू दे, मग.

आईला नमस्कार, पोरांना तिळगूळ.

तुझा,
धाकटा