स्टिरिओ वाचवणाऱ्या वायरमनकाकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानाला ना पाटी, ना बिलबुक. म्हणून आभार इथेच मानतो.

गाडीचा पुढचा डावा स्पीकर मधूनच गप्प व्हायचा. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, 'यू ०१८४' हा बिघाडाचा कोड दाखवला आणि अख्खा स्टिरिओ बदलायचं कोटेशन हातात ठेवलं. (माझं मोबाइलवालं स्वस्तातलं डोंगल तर 'सगळं ठीक' म्हणत होतं. ते फक्त इंजिनचे कोड वाचतं, हेही तुम्हीच सांगितलंत.)

तुम्ही कागद बघून म्हणालात, "यू म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलची, म्हणजे वेगवेगळी कामं सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरांची, आपसातली बोलाचाली. रेडिओ, म्हणजे हा स्टिरिओच, उत्तर देत नाही, अशी दुसऱ्या कुणीतरी तक्रार केलीय. रेडिओ खराब आहे असं कुठं लिहिलंय?"

मग सगळे मॉड्यूल स्कॅन केलेत. आणखी काही ठिकाणी तसेच यू-कोड निघाले आणि प्रत्येकापुढे 'हिस्टरी', म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलेला बिघाड. इतके जण एकदम गप्प होतात तेव्हा संशय आधी सप्लायवर घ्यायचा, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्याही खाली गेलं. बॅटरी थकली होती.

नवी बॅटरी टाकून कोड पुसले. यू ०१८४ परत आलाच नाही. पण 'फ्रंट लेफ्ट स्पीकर, ओपन सर्किट' (म्हणजे जोडणी कुठेतरी तुटलेली) लगेच हजर, आणि पुढे 'करंट', म्हणजे आत्ता चालू असलेला! तरी तुम्ही स्पीकरही बदलला नाहीत. दरवाजाचं पॅनल काढून मीटर लावलात: ३.६ ओहम. चार ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो, म्हणजे तो धडधाकट. स्टिरिओच्या कनेक्टरकडून मात्र मीटर काहीच दाखवेना. मला दरवाजा हळूहळू उघडायला लावलात, तेव्हा आकडा यायचा, जायचा. दरवाजा आणि बॉडीमधल्या रबरी नळीत वायर वरून अखंड, आतलं तांबं तुटलेलं. वायरचा नवा तुकडा जोडून, सोल्डर मारून स्लीव्ह चढवलीत आणि वायर थोडी सैल सोडलीत.

स्टिरिओ जुनाच आहे, छान वाजतोय. मनापासून धन्यवाद, काका. आता भावाच्या गाडीतही हाच कोड आलाय. स्टिरिओची ऑर्डर थांबवून आधी बॅटरी तपासायला सांगितलंय. रविवारी दुकान उघडं असेल ना?

आपला,
डाव्या स्पीकरवाला