डिस्चार्ज बुकात न उतरलेली पदके

१९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढलेल्यांसाठी ‘पूर्वी स्टार’, पश्चिमेकडे लढलेल्यांसाठी ‘पश्चिमी स्टार’ आणि त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी ‘संग्राम पदक’ ठेवले गेले. ही पदके १९७३मध्ये जाहीर झाली. दरम्यान अनेक जवान घरी परतले होते आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकातला, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवानोंदीच्या पुस्तकातला, पदकांचा रकाना कोराच राहिला. आमच्या वडिलांचेही तसेच झाले. छातीवर पदक नाही म्हणून गावच्या ध्वजवंदनात ते मागच्या रांगेत उभे राहत, हे मला आजही खटकते.

दुरुस्ती होऊ शकते. मूळ नोंदी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करता येतो. पण ऐंशीच्या घरातला माणूस किती हेलपाटे घालणार? शिवाय युनिट, सैनिक क्रमांक, तारखा हे सारे त्यानेच सिद्ध करायचे, कागद मात्र सरकारच्या कपाटात!

साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत सैनिक कल्याण विभागाने तालुकावार शिबिरे घ्यावीत, डिस्चार्ज बुके तिथेच तपासावीत आणि अर्जही तिथेच भरून घ्यावेत. वीरपत्नींचे अर्ज आधी घ्यावेत.

– एका माजी सैनिकाचा मुलगा, सातारा